दावणीला एकोणतीस इंच

रविवार, नऊ मे एकोणीसशे नव्व्याण्णव, सकाळी साडेदहा. जळगावात पिंप्राळ्याला पितांबरमामाच्या बैठकीत त्या वेळी पुढील गोष्टी होत्या. मोठे रंगीत टीव्ही दोन, दोन्ही चालू. जुना वीस इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही एक, शोकेसमध्ये, बंद. स्टॅबिलायझर तीन. रिकामी खोकी दोन. सोफा एक, त्यावर माणसं चार. प्लास्टिकच्या खुर्च्या पाच, चारांवर माणसं आणि पाचवीवर थर्माकोल. चहाचे उष्टे कप सतरा. कूलर एक, त्याची हवा कोणालाही लागत नव्हती, कारण त्याच्यापुढे टीव्ही ठेवला होता. बाहेर त्रेचाळीस अंश होतं.

बायका बैठकीत शून्य आणि स्वयंपाकघरात दोन होत्या : सुनंदामामी आणि भांडी घासणाऱ्या बेबाबाई. मला यांपैकी कशात धरायचं ते ठरलेलं नव्हतं. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही, मामाच तिच्या पडतो. अशा मुलीला बैठकीतून उठवायचं कसं, हा प्रश्न आमच्या घराण्यात कोणी सोडवलेला नाही. शिवाय मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा नुकतीच दिली होती आणि माझ्याजवळ एक फुटी स्टीलची पट्टी होती. मामाने मला बोलावलं होतं ते याचसाठी.

मामाचा धंदा पारखीचा. उभ्या केळीच्या बागेतून एक चक्कर मारायची आणि घडाला सरासरी किती वजन भरेल ते व्यापाऱ्याला सांगायचं. त्याचा अंदाज अर्ध्या किलोच्या बाहेर जात नाही, असं रावेरपासून चोपड्यापर्यंत बोलतात. असा माणूस दुकानात जाऊन, पोऱ्याने बोट दाखवलेला टीव्ही उचलून आणणार नव्हता. त्याने दुकानदाराला सांगितलं, दोन्ही घरी पाठव, चार माणसं बघतील, मग सांगतो. विश्वचषक पाच दिवसांवर होता, दुकानदाराला नाही म्हणणं परवडण्यासारखं नव्हतं. त्याने दोन टीव्ही आणि सोबत पंडित नावाचा मेकॅनिक पाठवला.

चार माणसांतले मुख्य होते तोतारामनाना, मामाचे व्याही. धुळ्याचे, शेती नरडाण्याजवळ. आजूबाजूच्या पंधरा गावांत बैल घ्यायचा असला की नानांना गाडी पाठवतात. ते सकाळच्या एसटीने आले होते. दुसरे रुपचंदशेठ, केळीचे व्यापारी. तिसरे आमचे कौतिकआबा, म्हणजे मामाचे वडील, यांना काहीच पसंत पडत नाही, म्हणून त्यांचं मत महत्त्वाचं. चौथा मामा स्वतः. बाकीचे चार जण वाटेवरून दिसलं म्हणून आत आले होते.

दोन्ही टीव्ही एकोणतीस इंची म्हणून आले होते. मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजले. दोन्ही सव्वीस पूर्णांक आठ दशांश भरले.

"एकोणतीस कुठे गेले मग?" रुपचंदशेठनी विचारलं.

"काचेचा कडेचा भाग आत, खोक्यात असतो शेठ," पंडित म्हणाला. "तोही धरतात."

"म्हणजे दांड्यासकट घड," मामा म्हणाला. हे त्याला लगेच पटलं.

एक टीव्ही नेहमीसारखा पुढे फुगलेल्या काचेचा होता. दुसऱ्याची काच सपाट. जळगावात असा टीव्ही त्या उन्हाळ्यातच आला होता. पंडितने त्याच्यावरचा कागद काढला.

"हाई काच तर मझार गयेल शे," तोतारामनाना म्हणाले.

"आत नाही गेलेली नाना. सपाट आहे."

"पंडितभाऊ, मना डोयास्ले चाळीस वरीसनी सवय शे बैल दखानी. खड्डा माले समजस."

सगळ्यांनी आळीपाळीने एक डोळा मिटून पाहिलं. सगळ्यांना खड्डा दिसला. खरं सांगायचं तर मलाही दिसला. चौदा वर्षं फुगलेली काच बघितली की सपाट काच आत गेल्यासारखीच दिसते, यात डोळ्याचा दोष नाही, सवयीचा आहे. म्हणून मी पट्टी काढली. काचेवर आडवी ठेवली, उभी ठेवली, तिरपी ठेवली. पट्टी आणि काच यांच्यामधून कुठेही उजेड आला नाही. मग दुसऱ्या टीव्हीवर ठेवली. मध्ये टेकली आणि दोन्ही टोकांना बोट जाईल एवढी फट राहिली.

नानांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि परत दिली.

"तुन्ही पट्टी वाकडी शे, बाई."

"दोन्ही वाकडं असेल," रुपचंदशेठ समजुतीने म्हणाले. "पट्टीही वाकडी, काचही वाकडी. म्हणून तर बरोबर बसली."

हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता आणि त्याला उत्तरही होतं. मी पट्टी उलटी करून ठेवली. एका बाजूने वाकडी पट्टी खड्ड्यात बसली असती तर उलटी केल्यावर बसली नसती. ती तशीच बसली. मी हे समजावून सांगत असताना चहा आला आणि खड्डा आहे असं ठरलं.

"खड्ड्याचं राहू द्या," मामा म्हणाला. "वजन बघू."

तो उठला. सपाट टीव्हीला दोन्ही हातांनी मिठी मारली, बोटभर उचलला, डोळे मिटले, खाली ठेवला. मग दुसरा. "हा बावन्न. तो त्रेचाळीस."

"कसावरून?" नाना म्हणाले.

"काटा आणा."

रुपचंदशेठच्या वखारीतून केळी मोजायचा काटा टेम्पोने आला. तो आणायला, लावायला आणि शून्यावर यायला पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्यात मी दोन्ही टीव्हींच्या चारही कोपऱ्यांत अक्षरं कितपत स्पष्ट येतात, व्होल्टेज एकशे ऐंशीला उतरलं तर चित्र किती आकसतं आणि दिवसा खिडकीचं प्रतिबिंब काचेत किती पडतं, ते वहीत लिहून काढलं. सपाट टीव्ही एक्कावन्न किलो सहाशे ग्रॅम भरला. दुसरा त्रेचाळीस किलो दोनशे. बैठकीत टाळ्या पडल्या. आबासुद्धा "हं" म्हणाले.

"साडेआठ किलोचा फरक शे भाऊ," नाना म्हणाले. "खड्डा तर खड्डा. हाड शे येन्हामा."

"माल यातच आहे," मामा म्हणाला. "घेतला."

मी वही पुढे केली.

"ते लिहून ठेव बाई," मामा मायेने म्हणाला. "शिकलेली आहेस."

माझ्या वहीतही सपाट टीव्हीच सरस ठरला होता. त्याची कारणं आठ होती, त्यांत वजन नव्हतं. पण निकाल एकच आल्यामुळे ती कारणं पुढे कोणी विचारली नाहीत.

उष्टे कप घेऊन मी आत गेले. सुनंदामामी तिच्या पाटावर बसली होती. हा पाट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, दारापासून हातभर मागे असतो. बैठकीत सासरे बसलेले असताना सून बैठकीत बसत नाही, आणि आबा बैठकीतून जेवायला आणि झोपायलाच उठतात. चौदा वर्षांपूर्वी जुना टीव्ही आला तेव्हापासून मामीने सगळे कार्यक्रम त्या पाटावरून, डोक्यावरचा पदर न ढळू देता पाहिले होते. शोकेस समोरच्या भिंतीत, बाहेरच्या दाराच्या शेजारी, स्वयंपाकघराकडे तोंड करून होती, म्हणून ते जमत होतं.

"घेतला का गं?" तिने विचारलं.

"घेतला. सपाटवाला."

"इथून माय दिसीन ना मले?"

तिला टीव्हीबद्दल एवढंच हवं होतं. गेल्या ऑक्टोबरात टीव्हीवाले तिच्या माहेरी आले होते. तिचा भाऊ झुलाल ठिबकवर केळी करतो. त्याच्या बागेचं शूटिंग करून गेले. बागेत त्या वेळी शेवंताबाई, मामीची माय, कामावर होती. तिचंही थोडं घेतलं. पौषात ती वारली. तिचा फोटो घरात एकच, मतदार ओळखपत्रावरचा, नखाएवढा, आणि त्यात तिने डोळे मिटले होते. एरवी कोणी कॅमेरा काढला की ती गोठ्यात निघून जायची. आता झुलालचा फोन आला होता : येत्या गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात. एकदाच लागणार होतं.

मी मामीला उठवून तिच्या पाटावर बसले. नवा टीव्ही तेव्हा शोकेससमोर जमिनीवर होता. अंतर तेरा फूट, पडदा पूर्ण, चारही कोपरे मोकळे.

"दिसेल," मी सांगितलं. "जुन्यापेक्षा दीडपट मोठी."

हे उत्तर टीव्ही त्या वेळी जिथे होता तेवढ्यापुरतं बरोबर होतं.

जुना टीव्ही बदल्यात द्यायचा ठरला होता. पंडितने तो आणि नापास झालेला टीव्ही टेम्पोत चढवला. मग सपाट टीव्ही उचलून शोकेसमध्ये सरकवायला गेले तेव्हा तो सहा इंच बाहेर राहिला. शोकेस सोळा इंच खोल, टीव्ही बावीस.

"सुताराला बोलवू," मामा म्हणाला. "नाहीतर इथेच खाली टेबलावर ठेवू."

"आठे?" तोतारामनाना उभे राहिले. "तोंड घरमा आनी शेपूट रस्ताकडे? असा बैल कोन बांधस, व्याही?"

बैठकीला हे एकदम उमगलं. आमच्याकडे चांगली जोडी दारात बांधतात ती तोंड रस्त्याकडे करून. जाणाऱ्यायेणाऱ्याला शिंगं दिसली पाहिजेत, कपाळ दिसलं पाहिजे. शेण घराकडे पडतं, ते घरचे काढतात.

"दुकानदारले पैसा दिना तुम्हीन," नाना म्हणाले, "मंग लोकस्ले काय दखाडशात? मांगला जाळीना डबा?"

चार जणांनी मिळून नऊ मिनिटांत टीव्ही समोरून उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला, दाराच्या डाव्या हाताला, तोंड बाहेरच्या दाराकडे करून. सोफा फिरवला. खुर्च्या फिरवल्या. मग आबा सोडून सगळे पुरुष उन्हात रस्त्यावर गेले. फाटकातून पाहिलं. विजेच्या खांबापासून पाहिलं. समोरच्या घराच्या ओट्यावरून पाहिलं. रुपचंदशेठनी टोपी नीट केली आणि काही माहीत नसलेल्या माणसासारखं डावीकडून उजवीकडे चालत गेले, मग उजवीकडून डावीकडे.

"दिसला?" मामाने ओरडून विचारलं.

"न बघायचं ठरवलं तरी दिसतो!"

मी आत जाऊन मामीच्या पाटावर बसले. समोर सोफ्यावरच्या माणसांचे चेहरे दिसत होते. टीव्ही दिसत नव्हता. उंबऱ्यावर बसून मान बाहेर काढली तर टीव्हीची काळी प्लास्टिकची बाजू दिसत होती, आणि तिच्यावर हवा जायच्या बावीस फटी.

संध्याकाळी मी मामाला सांगितलं. "मामा, मामीला पाटावरून काही दिसत नाही."

"काही म्हणजे किती?"

"शून्य."

मामा अंदाजाचा माणूस, त्याला शून्य हा आकडा आवडला नाही. "आवाज तर येईल ना? केवढा आवाज आहे याला!"

"तिला तिची माय बघायची आहे."

"मी बघणार आहे ना. झुलालची बाग मी बघितल्याशिवाय राहीन का? सगळं सांगेन तिला."

सोफ्यावर लवंडलेले आबा कुशीवर झाले. "तिची जागा तर तीच शे," ते म्हणाले. "आम्ही कुठी हलवली?"

हेही मोजून पाहिलं तर खरं होतं. पाट इंचभर हललेला नव्हता.

गुरुवारला चार दिवस होते. शेजारी जाऊन बघावं, तर उजव्या बाजूचे सुट्टीत कुलूप लावून गावी गेलेले, डाव्या बाजूचं घर अजून विटांत. शिवाय गुरुवारी मामीला घर सोडता येणार नव्हतं, कारण मामाने झुलालच्या बागेसाठी बैठक भरवायचं ठरवलं होतं. तोतारामनाना धुळ्याहून आणखी दोघांना आणणार होते. त्यांना टीव्ही घ्यायचे होते. आधी हा बघणार होते.

मंगळवारी मी आरशाचं गणित केलं. पडदा साडेएकवीस इंच रुंद. पाटापासून समोरची भिंत पंधरा फूट, तिथून पडदा बारा. समोरच्या भिंतीवर, नेमक्या जागी, नेमक्या कोनात आरसा लावला तर पाटावर बसून पूर्ण पडदा दिसायला बारा इंचाला थोडा कमी रुंद आरसा लागत होता. मामीच्या कपाटावरचा आरसा बरोबर बारा इंची होता. तो काढला, बाहेरच्या दाराशेजारी खिळा ठोकून टांगला, खालच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी घालून कोन जुळवला. मामी पाटावर बसली. बातम्या चालू होत्या.

"दिसतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण अक्षरं उलटी येतात."

"आरशात डावं-उजवं बदलतं."

"मायच्या डाव्या गालावर गोंदण होतं."

"ते उजव्या गालावर दिसेल."

मामीने विचार केला. "दिसू दे. तेवढं मी मनात सुलटं करीन."

बुधवारी तिने तीनदा बसून पाहिलं. प्रत्येक वेळी पाट एक इंच उजवीकडे सरकवला. मग खडूने पाटाच्या चारही कोपऱ्यांना खुणा केल्या.

गुरुवारी सहा वाजून दहा मिनिटांनी बैठकीत नऊ पुरुष होते. सहा वाजून बावीस मिनिटांनी धुळ्याची तीन माणसं आली आणि बारा झाले. तोतारामनाना घामाने निथळत होते. त्यांनी दारातच डोक्यावरची पांढरी टोपी काढली, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि अडकवायला जागा शोधली. शेजारी आरशाचा खिळा होता. टोपी खिळ्यावर गेली, उपरणं टोपीवर. उपरणं दोन हात लांब होतं.

आरशाचा खालचा कोपरा उघडा राहिला. त्यात रुपचंदशेठचा गुडघा दिसत होता.

मी मामाच्या कानाशी गेले. "नानांची टोपी दुसरीकडे ठेवू का?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी फिजिक्स शिकल्याचा त्याला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला असावा. "व्याह्याची टोपी खाली उतरवतेस? बाराजणांसमोर?"

"आरसा झाकला गेलाय."

"तर कोणाला भांग पाडायचाय आता?"

लताईच्या लग्नात याच टोपीपुढे मामा हात जोडून उभा होता. लताई ही मामाची मुलगी, नानांच्या धाकट्याला दिलेली. ती टोपी आमच्या घरात कोणी हलवणार नव्हतं, मीही नाही. मी हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

मामी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. तिने समोर पाहिलं, आरशाच्या जागी उपरणं पाहिलं. ट्रे माझ्या हातात दिला.

"तेवढा दे," ती म्हणाली. "दळण राह्यलं माझं."

ती आत गेली. मागच्या दाराची कडी वाजली.

मामाने रिमोट माझ्याकडे दिला होता, कारण त्याच्या मते त्यात शिक्षणाचं काम होतं. म्हणून मी टीव्हीशेजारी, सगळ्यांकडे तोंड करून उभी होते. बारा माणसं पडद्याकडे बघत होती. मला पडदा तिरपा दिसत होता आणि त्यांच्या डोक्यांवरून बाहेरचं दार, ओटा, अंगण, फाटक आणि रस्ता सरळ दिसत होता.

साडेसहाला संगीत वाजलं. केळीची बाग आली. हिरवा रंग चांगला होता.

"पान खरं वाटतं," रुपचंदशेठ म्हणाले.

"जरासं निळं शे," धुळ्याच्या दोघांपैकी एक म्हणाला.

"निळं नाही, खत जास्त झालंय," मामा म्हणाला. "झुलालला मी सांगितलं होतं."

झुलाल आला. नवा शर्ट, गळ्याशी घडीची रेघ. नळ्या, पाणी, खड्डे यांबद्दल बोलला. नाना पुढे सरकले, एक डोळा मिटून काचेचा खड्डा पुन्हा तपासू लागले. मी बाहेर पाहिलं. फाटकापलीकडे, विजेच्या खांबाला टेकून मामी उभी होती. डोक्यावर पदर, कमरेवर दळणाचा डबा. रस्त्यावरून एक स्कूटर गेली, एक लोटगाडीवाला गेला. पिंप्राळ्यात संध्याकाळी रस्त्यावर बायका उभ्या असतात, त्याला कोणाची हरकत नसते.

"बघा बघा, घड!" रुपचंदशेठ ओरडले. पडद्यावर कॅमेरा एका झाडावरून वर चढत होता. "पितांबरभाऊ, किती?"

मामा उठून उभा राहिला. डोळे बारीक केले. बाकीची अकरा माणसं त्याच्याकडे बघू लागली.

त्याच वेळी पडद्यावर शेवंताबाई आली. पहिल्यांदा पाठमोरी, हातात विळा. मग तिने मागे वळून पाहिलं आणि चेहरा पडद्याच्या मधोमध आला. मी घड्याळ पाहिलं. पट्टी हातात होतीच, ती काचेला लावली.

"आते तरी सरळ शे का पट्टी?" नाना म्हणाले. बैठक हसली.

"तेवीस," मामा म्हणाला.

"तेवीस? चोवीसला कमी नाही!"

"ए बाई, आवाज कमी कर," नाना म्हणाले. "व्याही वज्जन सांगी ऱ्हायनात."

मी आवाज कमी केला नाही. वाढवलाही नाही, तेव्हा सुचलं नाही. शेवंताबाई बोलली ते बैठकीत मी सोडून कोणाला ऐकू गेलं नाही. मग पुन्हा घड आला, आणि त्याच्या शेजारी लाकडी फळीवर उभा असलेला कोणी सरकारी माणूस.

"तेवीस किलो दोनशे," मामा म्हणाला. "फोन करून विचारा झुलालला. आत्ता विचारा."

फोन लावला. लाइन लागली नाही. फोन पुन्हा लावला. धुळ्याच्या दोघांनी ठरवलं की टीव्ही घ्यायचा, पण वजन करून.

सात वाजता मामी मागच्या दाराने आली. डबा खाली ठेवला. झाकण काढलं नाही. आतले गहू तसेच होते. तिने पाट भिंतीला उभा केला आणि ओट्यावरचे कप विसळायला घेतले. मी तिच्याजवळ गेले.

"दिसली?"

"हं." तिने कप उपडा ठेवला. "बोलत होती ना ती? तोंड हलत होतं."

"हो."

"काय म्हणे?"

"'ओ भाऊ, नळीवर पाय नका देऊ.'"

मामी थांबली. "कोणाले?"

"कॅमेरावाल्याला असेल."

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली, कारण बैठकीत माणसं होती. "तशीच होती," ती म्हणाली. "पाव्हणा असो की कोणी असो." मग तिने विचारलं, "गोंदण कोणत्या गालावर होतं?"

"डाव्या."

"मलेही डाव्याच दिसलं," मामी म्हणाली आणि पुढचा कप घेतला.

बैठकीतून मामाची हाक आली. झुलालचा फोन लागला होता. तो घड कापून फेब्रुवारीत मोजला होता, तेवीस किलो चारशे. बाहेर टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी टेप घेऊन एक टोक पडद्याच्या काचेला धरलं. दुसरं टोक बेबाबाईंनी विजेच्या खांबाकडे नेलं. टेप दोनदा लावावा लागला. अंतर तेहतीस फूट सात इंच. पडद्यावर शेवंताबाईंचा चेहरा, हनुवटीपासून पदराच्या काठापर्यंत, साडेपाच इंच. वेळ अकरा सेकंद.